सहाच्या पुढची मोकळी जागा

खोली बघायला माणूस आला की आधी पाण्याचं विचारतो. पाणी किती वेळ येतं, लाइट जाते का, गाडी कुठं लावायची. आमच्या जांबे गावात मी आठ खोल्या बांधून भाड्यानं दिल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यामुळं येणारा माणूस तोंड उघडायच्या आधीच काय बोलणार ते मला कळतं. हा एकटा असा निघाला की दारात चपला काढल्या, खोलीकडं नजरसुद्धा टाकली नाही आणि मला म्हणाला, “बाबा, तुमच्याकडं दहाच्या जुन्या नोटा आहेत का? मागं वाघ-हत्ती असायचा त्या?”

मी म्हणालो, “खोली घ्याची हाय का मला लुटायचं हाय?”

“घेत नाही. बघू द्या फक्त.”

बंडीच्या खिशात तीन होत्या. त्यानं त्या दोन बोटांत धरून उजेडाकडं केल्या, नुसते नंबर वाचले आणि तोंड पाडून परत दिल्या. मग म्हणाला, “खोली घेतो.”

“अजून बघितली कुटं तुमी?”

“गाव बघितलंय की,” तो म्हणाला.

त्याचा अर्थ मला सहा महिन्यांनी कळला.

तीन नंबरच्या खोलीत तो तीन वर्षांच्या वर राहिला. परभणीकडचा माणूस, चाळिशीचा, एकटा. हिंजवडीत एका कंपनीत कामाला. उंच, जरा वाकलेला, आणि शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. त्याचं नाव इथं घालत नाही. गावात तसंही त्याला कोणी नावानं ओळखत नव्हतं, सगळे नंबरवाला म्हणायचे.

त्याची तऱ्हा अशी. पंधरा रुपयांचा वडापाव घ्यायचा आणि शंभराची नोट द्यायची, म्हणजे सुट्ट्यात दहाच्या नोटा हातात येतील. नाक्यावरचा वडापाववाला सुरुवातीला चिडायचा. नंतर त्याला सवय झाली, आणि हा दिसला की गल्ल्यातल्या नोटा पत्त्यांसारख्या पसरून समोर धरायचा. “घ्या साहेब, पिसून ठेवल्यात. काढा तुमचा एक्का.” हा एकेक नंबर वाचायचा, आणि मागं गिऱ्हाईक तेल थंड होईस्तोवर उभं. लग्नाला गेला की आहेराच्या पाकिटाकडं बघायचा. बसमध्ये कंडक्टरच्या पिशवीकडं बघायचा. एकदा आमच्या शेजारणीचा नातू वाढदिवसाला मिळालेली नोट नाचवत निघाला होता, तर हा रस्त्यात गुडघ्यावर बसला आणि पोराला म्हणाला, “एक मिनिट हलू नको.”

सगळ्यात जास्त राग त्याचा फोनवर. आता चहावाल्याकडंही लोक फोन दाखवतात आणि पैसे जातात. हा म्हणायचा, “बाबा, नोट फोनात गेली की तिचा नंबर कुणी बघायचा? मेल्यासारखीच ती.” मी म्हणायचो, “तुमीच फोनच्या कंपनीत काम करताय की.” तो म्हणायचा, “म्हणून तर कळतंय मला.”

मला वाटलेलं, हा नोटा साठवणारा असेल. असे लोक असतात. पण तो साठवत नव्हता. हवी ती नोट सापडली की तिचा नंबर, कुणाच्या हातून आली, कुठल्या गावात, हे सगळं एका लांब वहीत लिहायचा, आणि त्याच नोटेचा दुसऱ्या दिवशी वडापाव खायचा. मी विचारलं, “येवढी धरली ती सोडता कशाला?” तर म्हणाला, “ठेवून घेतली की ती फिरायची थांबते. मला फिरती पाहिजे.”

हे बोलणं मला पटलं. मी आयुष्यभर मेंढरं राखली. बांधलेलं मेंढरू बघून चारणीचं काही कळत नाही.

त्याला नेमकं काय पाहिजे होतं ते त्यानंच मला एका रविवारी दुपारी समजावलं. दहाच्या जुन्या नोटांत काही नोटांच्या नंबरात मध्येच एक छोटी चांदणी असते. आधी अक्षरं, मग चांदणी, मग सहा आकडे. नोटा छापताना एखादी खराब निघाली की ती काढून टाकतात आणि तिच्या जागी ही चांदणीवाली घालतात, म्हणजे पुडक्यात शंभर नोटा भरतात.

मी म्हणालो, “मेंढीचं कोकरू मेलं की तिच्या अंगाला दुसरं लावतो आमी, तसं.”

त्यानं भिंग खिशात टाकलं. “तसंच,” म्हणाला.

तर अशा चांदणीच्या नोटांपैकी एका विशिष्ट अक्षराच्या, एकाच गव्हर्नरच्या सहीच्या, किती नोटा निघाल्या, हे त्याला शोधायचं होतं. बस, एवढंच. मी विचारलं, कळून काय होणार? “किती ते कळणार,” तो म्हणाला. नोटा काढणाऱ्या मुंबईच्या मोठ्या कचेरीला त्यानं माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. दहाच्या नोटा एकंदर किती छापल्या ते त्यांनी कळवलं, पण चांदणीच्या वेगळ्या, त्यातही एका अक्षराच्या वेगळ्या, असा हिशेब आम्ही ठेवत नाही, असं उत्तर आलं. ते पत्र त्यानं भिंतीवर खिळ्याला अडकवलं होतं. सकाळी दात घासताना तो ते वाचायचा. मी म्हणालो, “देवाचं स्तोत्र हाय का ते?” तो म्हणाला, “त्यांनी नाही ठेवला म्हणजे तो कुणीतरी ठेवायला पाहिजे का नको?”

आणि गाव बघितलंय म्हणजे काय, तेही तेव्हा कळलं. त्या अक्षराच्या नोटा त्याला आधी ज्या मिळाल्या, त्यातल्या जास्त पिरंगुट, भरे, घोटावडे या पट्ट्यातनं आलेल्या. ती पुडकी कधीतरी आपल्याकडं उतरली असणार, असा त्याचा अंदाज. कंपनीच्या दारात चांगल्या खोल्या असताना तो माझ्या पत्र्याच्या खोलीत आला तो त्यासाठी. पाणी एक तास येवो का दोन तास, त्याला काही नव्हतं.

एकदा मी त्याला म्हणालो, सगळ्या नोटा बघितल्याशिवाय किती ते कळणार कसं? तुमी बघणार चाळीस, निघाल्या असतील लाख. तेव्हा त्यानं मला गणित घातलं.

“बाबा, समजा मेंढरांना एकपासून नंबर घातलेत. किती आहेत ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही पाणवठ्यावर बसलात. पाच आली. आठ नंबरचं, एकोणीस, तेहतीस, एकेचाळीस आणि पन्नास. कळप केवढा?”

मी तिसरी शिकलो. तिसरीही धड नाही, चारणीचा हंगाम आला की शाळा सुटायची. पण मेंढराचं गणित मला कोणी घालावं आणि मी गप बसावं, असं झालं नाही.

मी म्हणालो, “साठ. एखादं कमीच.”

तो वही खाली ठेवून ताठ बसला. “कसं काय?”

“पन्नासात पाचच दिसली. म्हंजी एका दिसलेल्यामागं नऊ न दिसलेली. मग पन्नासाच्या पुढं बी नऊ धरायची. कळप काय आपण बघितलं तिथंच संपत न्हाई.”

त्यानं वहीचं एक जुनं पान उघडून माझ्यापुढं धरलं. त्यावर इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं, आणि खाली आकडा होता एकोणसाठ. “हे कळायला मला एक पुस्तक आणि चार महिने लागले,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “मेंढरं घ्यायची हुती. पुस्तक कशाला घेतलं?”

त्या दिवसापासून तो मला सगळं दाखवायला लागला. सापडलेली प्रत्येक नोट. मी पण माझ्या परीनं बघायला लागलो. किराणा दुकानात, पीठगिरणीत, लेकीकडं घोटावड्याला गेलो की तिथं. इंग्रजी आकडे मला फोन आणि बसच्या पाट्यांवरून येतात. अक्षरांचं त्यानं मला एका चिठ्ठीवर काढून दिलं होतं. एकदा घोटावड्याच्या एस.टी. थांब्यावर मला एक सापडली. तिथनंच मी त्याला फोन केला, नंबर वाचून दाखवला, आणि तो कामाच्या मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाला, “परत वाचा. सावकाश.” मी तीनदा वाचला. मला सांगायला कमीपणा वाटत नाही, माझी छाती तेव्हा कळप विकताना फुगली नव्हती एवढी फुगली.

आमचं एकदाच वाजलं, आणि लई वाजलं.

आमच्या बिरोबाच्या देवळाची पेटी वर्षातनं एकदा उघडतात. पंच बसतात, सतरंजीवर पैसे ओततात. हा माझ्या मागं लागला, मला बसू द्या, मी मोजायला मदत करतो. पंच तयार नव्हते. एक जण म्हणाला, “हा खोट्या नोटा हुडकणारा सरकारी माणूस हाय.” दुसरा म्हणाला, “सरकारी असता तर येवढं गोड बोलला नसता.” मी म्हणालो, माझा भाडेकरू हाय, मी जामीन. तेव्हा बसू दिला.

देवाच्या पेटीतल्या नोटा म्हणजे भंडाऱ्यानं माखलेल्या. आमच्यात देवाला पैसा वाहताना नोटेला हळदीचं बोट लावतात, कोणी तर मूठभर भंडारा नोटेवरच ओततो. निम्मे नंबर दिसत नाहीत. मी तासभर उन्हात जाऊन आलो, आणि येऊन बघतो तर हा कोपऱ्यात वाटीत पाणी आणि कापसाचा बोळा घेऊन बसलेला, आणि एकेक नोट पुसतोय. पिवळं पाणी वाटीत. पुसलेल्या नोटा ओळीनं वाळत ठेवलेल्या. पंच एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते, आणि मग सगळे माझ्याकडं.

मी तिथंच म्हणालो, “ऊठ.”

“बाबा, एवढ्या चाळीसच राहिल्यात.”

“ऊठ म्हनलं ना. देवाचा भंडारा पुसतूस? कुनाच्या घरी काय साकडं असंल म्हनून लावलेलं बोट हाय ते. तुला नुस्ता नंबर दिसतूय व्हय?”

तो उठला. वाटीतलं पाणी कुठं ओतायचं ते त्याला कळेना, तर ती तशीच हातात धरून उभा राहिला. शेवटी ते पाणी पुजाऱ्यानं घेऊन तुळशीत घातलं.

त्यानंतर दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही. तो जाता येता “बाबा” म्हणायचा, मी पाठ करायचो. मी जामीन राहिलेला माणूस. गावात माझी मान खाली गेली होती आणि ती मी लवकर वर करणार नव्हतो. माझा स्वभाव असाच आहे आणि तो बदलायला आता वेळही उरला नाही.

त्या दोन महिन्यांत त्याचं काम संपत आलं. मला ते वडापाववाल्याकडनं कळत होतं. पुण्यात नाणी-नोटांच्या शौकिनांचं एक मंडळ आहे, महिन्याला जमतात. तिथं त्याला त्याचा आकडा मांडायला बोलावलं होतं. तिथला एक व्यापारी या चांदणीच्या नोटा फक्त पन्नास हजार निघाल्या असं सांगून चढ्या भावानं विकायचा. याचा आकडा होता सहा लाख सत्तावीस हजार. सात वर्षांत त्यानं चाळीस नोटा पाहिल्या होत्या, काही स्वतः, काही दुसऱ्यांनी फोटो पाठवलेल्या, आणि त्यातला सगळ्यात मोठा नंबर सहा लाख बारा हजारांचा. बाकी गणित मेंढरांचंच. वडापाववाल्यासमोर तो म्हणाला होता, “दहा-वीस हजार इकडंतिकडं होतील. पण साडेसहा लाखाच्या वरची एक नोट जरी कुणी दाखवली, तर वही फाडून टाकीन.”

मग एका सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी पाठ केली तर तो उठून दुसऱ्या बाजूनं समोर येऊन बसला.

“बाबा, मी काय काम करतो तुम्हाला माहीत आहे?”

मी तंबाखू मळायला घेतली.

“दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढतो. सोळा वर्षं झाली. माझं स्वतःचं असं त्यात काहीच नाही, चूक सापडली तरी ती दुसऱ्याची. हा एकच आकडा माझा आहे. तो मोठ्या कचेरीकडंही नाही. पुढच्या रविवारी मी तो सांगायलोय. तुम्ही यावं असं वाटतं. त्यातली एक नोट तुमची आहे.”

मी “बघू” म्हणालो. दोन महिन्यांतला पहिला शब्द.

तो गेल्यावर मी घरात जाऊन पेटी उघडली. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी त्याला माहीत नव्हती, आणि भांडण झालं नसतं तर मी ती त्याला कधीच सांगून टाकली असती.

आम्ही शेवटचा कळप विकला तो दहा-बारा वर्षांपूर्वी. चरायला रान राहिलं नव्हतं, जिथं जावं तिथं तारेचं कुंपण आणि वॉचमन. घेणाऱ्या व्यापाऱ्यानं सौदा ठरला म्हणून माझ्या कारभारणीच्या हातावर दहाची एक कोरी नोट ठेवली, विसार म्हणून. बाकीचे पैसे आले, गेले, त्यातनं या खोल्या उभ्या राहिल्या. ती दहाची नोट मात्र तिनं मोडली नाही. अंगठा तेलात बुडवला, भंडाऱ्यात दाबला, नोटेवर उठवला आणि नोट घडी करून माझ्या घोंगडीच्या आत पेटीत ठेवली. म्हणाली, “येवढं तरी मेंढराचं ऱ्हाऊ द्या.” ती जाऊन चार वर्षं झाली. मी पेटी उघडायचो ती घोंगडी उन्हात घालण्यापुरती.

नोट काढली. चिठ्ठीवरची अक्षरं लावून बघितली. तीच. मधे चांदणी. पुढं आकडा सहा, मग तिच्या अंगठ्याचा डाग, मग चार, दोन, एक, आठ. डागाखाली एक उभी रेघ दिसत होती, तिचं वरचं डोकं झाकलेलं. एक असेल नाहीतर सात. नोटेवर नंबर दोन ठिकाणी असतो, पण दुसरा कोपरा कसरीनं खाल्लेला.

एक असला तर सहा लाख चौदा हजार. त्याचा आकडा शाबूत, उलट पक्का. सात असला तर सहा लाख चौऱ्याहत्तर हजार, आणि वही फाडायची.

मी ती नोट परत घडी केली. तीन दिवस तशीच ठेवली. दाखवली नसती तर कुणाला कळणार होतं? आणि दाखवली तर तो कापसाचा बोळा आणणार, हे मला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. भांडण भांडणाच्या जागी, पण आता मलाच कळायला पाहिजे होतं की कळप कुठपर्यंत आहे.

शनिवारी दुपारी मी तीन नंबरचं दार वाजवलं आणि नोट त्याच्या टेबलावर ठेवली. “हात लावायचा न्हाई,” म्हणालो. “बघायची.”

त्यानं भिंग लावलं. मग खुर्ची मागं सारून बसला.

“एक का सात?” मी विचारलं.

“कळत नाही.” मग भिंग परत लावून म्हणाला, “बाबा, ओल्या कापसानं फक्त वरच्या बाजूला—”

“न्हाई.”

“मी देवळातली चूक परत करत नाही. विचारायलोय.”

“आनि मी न्हाई म्हनतूय.”

“कुणी लावलाय?”

“कुनी का लावंना.”

त्यानं मान हलवली. मग कपाटातून एक छोटा दिवा काढला, बोटाएवढा. म्हणाला, नोटेचे आकडे ज्या शाईनं छापतात ती या जांभळ्या उजेडात चमकते. पुसायला नको, डागातनं आकडा आपोआप दिसेल. पण अंधार पाहिजे. खोलीला दोन खिडक्या आणि पत्र्याच्या फटी, भर दुपारचं ऊन. मी म्हणालो, थांब. घरातनं घोंगडी आणली.

तर आम्ही दोघं, एक सत्तरीचा आणि एक चाळिशीचा, भर दुपारी टेबलाजवळ डोक्यावरून घोंगडी घेऊन बसलो. आत लोकरीचा वास, उकाडा. तो म्हणाला, “पेटवू?” मी म्हणालो, “पेटव.”

सहा चमकला. चार, दोन, एक, आठ चमकले. आणि मधे आकडा नाही, मधे सगळं पिवळंजर्द पेटलं. हळदसुद्धा त्या उजेडात चमकते, हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं, पण आशेवर होता. शाईपेक्षा जास्त चमकली. आणि डाग म्हणजे नुसता डाग नव्हता. अंगठ्याच्या एकेक रेषा, गोल गोल फिरत आत गेलेल्या, मधे विळ्यानं कापलेली आडवी खूण. ती खूण मी ओळखतो. गवत कापताना लागलं होतं, मीच चुना लावला होता.

मला वाटतं मी काहीतरी आवाज केला असेन.

“हा अंगठा कुणाचा आहे?” त्यानं हळू विचारलं.

“तिचा.”

दिवा तसाच चालू राहिला. मग मीच म्हणालो, आणि का म्हणालो ते आजही सांगता येत नाही, “पूस. सात वर्सं झालीत तुझी. येवढासा डाग हाय.”

त्यानं दिवा बंद केला. घोंगडी डोक्यावरनं काढली, नीट घडी केली. नोट मी आणली होती तशी माझ्याच हातात दिली. मग वही उघडली आणि एकेचाळिसाव्या ओळीवर लिहिलं. सहा, मग मोकळी जागा, मग चार, दोन, एक, आठ. कुणाकडनं आली या रकान्यात त्यानं मला विचारून माझ्या कारभारणीचं नाव लिहिलं. त्या वहीत मोकळी जागा मी तेवढीच एक बघितली.

दुसऱ्या दिवशी मी धोतर-पागोटं करून त्याच्याबरोबर पुण्याला गेलो. एका शाळेच्या वर्गात वीस-पंचवीस माणसं. तो उभा राहिला, आकडा सांगितला, चाळीस नोटांचं सगळं फळ्यावर मांडलं. पन्नास हजारवाला व्यापारी पुढच्याच बाकावर होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तिथंच थांबला असता तर लोकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. पण तो म्हणाला, “एक एकेचाळिसावी नोट आहे. तिचा एक आकडा मी वाचू शकलो नाही. तो सात असेल तर माझं सगळं चूक आहे.”

व्यापारी म्हणाला, “मग साफ करून बघायची. त्यात काय?”

“ती माझी नोट नाही.”

“मालकाला सांगायचं.”

“मालक पूस म्हणाले होते,” तो म्हणाला आणि खाली बसला.

लोक हसले. व्यापारी मागं वळून म्हणाला, सात वर्षं घालवून शेवटी हातात काय, तर कदाचित. मी मागच्या बाकावर होतो. उठून त्या व्यापाऱ्याला दोन शब्द ऐकवावेत असं लई वाटलं, पण याचा आकडा होता, याची जागा होती. मी पागोटं सावरून बसलो. मान माझी ताठ होती.

पुढं त्याची बदली हैदराबादला झाली. जाताना त्यानं वही माझ्याकडं ठेवली. मी म्हणालो, तुमची हाय ती. म्हणाला, “नोटा इकडंच फिरतात. तिकडं ठेवून काय करू?” तो छोटा दिवाही ठेवून गेला.

आता नाक्यावर मी गेलो की वडापाववाला माझ्यापुढं नोटा पसरतो. “घ्या तात्या. नंबरवाल्यानं गादी तुमाला दिली.” रोकड कमी झाली आहे, महिन्यातनं मोजक्या दहाच्या जुन्या नोटा दिसतात. दोन वर्षांत त्या अक्षराच्या चांदणीवाल्या चार सापडल्या. चारही वहीत लिहिल्या, माझ्या वेड्यावाकड्या आकड्यांत. चारही सहा लाखाच्या आतल्या.

तो महिन्याला फोन करतो. तब्येत विचारतो, पाण्याचं विचारतो, तिसऱ्या खोलीत कोण आहे ते विचारतो. मग मुद्द्यावर येतो.

“साडेसहाच्या वरचा दिसला का बाबा?”

“न्हाई.”

“मग डागाखाली एकच असणार.”

“असंल. अजून चारच बघितल्यात.”

“घाई नाही,” तो म्हणतो.

गणित मला कळतं. जितक्या जास्त नोटा खालच्या निघतील, तितका तो एक पक्का होत जाणार. साडेसहा लाखाच्या वरची एखादी निघाली, तर सात असायला जागा आहे. डागाला हात न लावता आकडा कळायची हीच एक वाट आहे, आणि ती माझ्याच धंद्यातली आहे. पाणवठ्यावर बसायचं आणि येतील ती बघायची.

घोंगडी वर्षातनं दोनदा उन्हात घालतो. त्या दिवशी ती आत आणल्यावर डोक्यावरून घेतो, नोट मांडीवर उलगडतो आणि दिवा लावतो. सहा चमकतो, चार चमकतो. आकडा मी बघत नाही.